हेन्रीनं थांबायला नको होतं

थॉमस या निळ्या इंजिनाच्या गोष्टींवर ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी मालिका निघाली. तिच्या तिसऱ्या पर्वातल्या एका भागात हेन्री नावाचं हिरवं इंजिन जंगलातून जाताना मध्येच थांबतं आणि झाडं-पाखरं बघत उभं राहतं. मूळ गोष्टींचे लेखक रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री यांना हे मुळीच पटलं नाही. देखावा बघायला मुख्य मार्गावर गाडी उभी करणं म्हणजे नियम ५५ मोडणं, अशी त्यांची तक्रार होती. इंजिनाला डोळे आहेत, ओठ आहेत, ते रुसतं, बढाया मारतं, याला त्यांची हरकत असण्याचा प्रश्नच नव्हता. ती कल्पना त्यांचीच. बोलणारं इंजिन चालेल, नियम मोडणारं चालणार नाही.

हा एका वृद्ध पाद्र्याचा हेका वाटेल. पण नियम ५५ कशासाठी होता हे कळलं की हसू ओसरतं. सिग्नलपाशी गाडी अडकून पडली, शिटी देऊनही सिग्नल पडला नाही, तर गाडीवरच्या एकानं चालत सिग्नलच्या केबिनमध्ये जायचं आणि आपली गाडी इथे उभी आहे याची सिग्नलमनला आठवण द्यायची, असा तो नियम. २४ डिसेंबर १९१० च्या पहाटे इंग्लंडच्या उत्तरेला हॉज जंक्शनवर दोन सुटी इंजिनं अशीच अडकून होती. त्यांच्यातलं कोणी वेळेत केबिनकडे गेलं नाही. कामाच्या गर्दीत सिग्नलमन त्यांना विसरला आणि त्यानं मागून येणाऱ्या एक्सप्रेससाठी सिग्नल दिला. तो आपल्यालाच मिळाला असं समजून इंजिनं निघाली, एक्सप्रेसनं त्यांना गाठलं, डब्यांतल्या गॅसच्या दिव्यांमुळे आग भडकली आणि बारा माणसं गेली. ऑड्रींना हेन्रीचं थांबणं खटकलं ते या पार्श्वभूमीवर. त्यांच्या कल्पित बेटावर इंजिनं बोलत असली, तरी विसरलेली गाडी तिथेही माणसं मारू शकते.

वाफेच्या काळातल्या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या जगात गेली शंभर वर्षं जो वाद चालू आहे, त्याचा गाभा या तक्रारीत आहे. प्रतिकृती खरी असावी यावर सगळ्यांचं एकमत. मतभेद सुरू होतात ते ‘कशाशी खरी’ इथून. रूपाशी? मापाशी? चालण्याच्या रीतीशी? की ज्या जगात ते इंजिन धावत होतं त्या जगाच्या नियमांशी? हे चारही एकाच वेळी साधत नाहीत, ही खरी अडचण. एक साधायला जावं तर दुसरं हातातून सुटतं.

या छंदात पाद्री मंडळी बरीच दिसतात. स्कॉटलंडमधले रेव्हरंड एडवर्ड बील यांनी ‘वेस्ट मिडलंड’ नावाची काल्पनिक रेल्वे उभारली आणि या विषयावर पुस्तकं लिहून एका पिढीला शिकवलं. रेव्हरंड पीटर डेनी यांची ‘बकिंगहॅम’ ही मांडणी दंतकथा बनली. ऑड्रींचे मित्र रेव्हरंड टेडी बॉस्टन यांनी तर लेस्टरशरमधल्या केडबी गावी आपल्या निवासाच्या आवारातच नॅरोगेज रूळ टाकले आणि ‘पिक्सी’ नावाचं खरं वाफेचं इंजिन त्यावर चालवलं. यामागे काही कारण होतं की निव्वळ योगायोग, हे ठरवता येणार नाही. मात्र ज्यांच्या धर्मग्रंथात प्रतिमा घडवू नका अशी आज्ञा आहे, त्यांनी आयुष्यभर प्रतिमा घडवल्या आणि त्या मुळाशी किती जुळतात यावर रात्री जागवल्या, यात गंमत आहेच.

तत्त्वज्ञानाला हा पेच जुना आहे. प्लेटोनं ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तीन पलंगांची मांडणी केली: एक ईश्वरी कल्पनेतला, दुसरा सुतारानं केलेला, तिसरा चित्रकारानं रंगवलेला. चित्रकाराचा पलंग सत्यापासून सर्वांत लांब, म्हणून सर्वांत संशयास्पद. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल याबाबतीत उदार होता. हरिणीला शिंगं नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणं ही लहान चूक, चित्रात हरिणीचा भासच न होणं ही मोठी चूक, असं त्यानं काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलं. घडण्याजोगं पण न पटणारं दाखवण्यापेक्षा अशक्य असलं तरी पटणारं दाखवावं, हेही त्याचंच मत. ऑड्रींचं तोंड असलेलं इंजिन म्हणजे असं पटणारं अशक्य. हेन्रीचं थांबणं मात्र अगदी शक्य होतं, आणि रेल्वे जाणणाऱ्याला न पटणारं. छंदिष्टांच्या जगात ज्यांना ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणून चिडवलं जातं, ते प्लेटोच्या बाजूचे समजले जातात आणि ‘लांबून छान दिसतं ना, मग झालं’ म्हणणारे ॲरिस्टॉटलच्या. ही वाटणी सोपी आहे, पण प्रत्यक्ष काम बघितलं की ती टिकत नाही.

सुरुवात रुळांपासून करावी लागते, कारण ब्रिटिश छंदाची पहिली तडजोड तिथेच झाली. १९२०च्या दशकात टेबलावर मावतील अशा छोट्या रेल्वे बाजारात आल्या. रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, साधारण साडेसोळा मिलिमीटर. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर हे प्रमाण धरलं, तर हे अंतर खऱ्या रेल्वेच्या ‘प्रमाण गेज’ (स्टँडर्ड गेज) रुळांशी तंतोतंत जुळतं. पण ब्रिटनमधले बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे तिथली इंजिनं युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा अंगानं लहान. त्या काळची विजेची मोटर एवढ्याशा इंजिनाच्या पोटात मावेना, जाडजूड चाकं आणि त्यांच्या बाहेरचे दांडे यांनाही जागा हवी. मग वरचा सांगाडा फुटाला चार मिलिमीटर या मोठ्या प्रमाणात करायचा आणि खालचे रूळ मात्र तेच ठेवायचे, असा तोडगा निघाला. १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ आली आणि हा तोडगाच रूढी बनला. या प्रमाणात खरं अंतर १८.८३ मिलिमीटर हवं, ते २.३३ मिलिमीटरनं कमी पडतं. मूळ मापात हा फरक सात इंचांचा. बाजूनं बघताना तो कळत नाही. समोरून बघितलं की मोठं अंग आणि चिंचोळी बैठक एकदम डोळ्यांत भरते.

काहींना हे सहन होईना. त्यांनी आधी १८ मिलिमीटरचं गेज स्वीकारलं. १९६०च्या दशकात आणखी काहीजण पुढे गेले आणि १८.८३ हेच माप धरून बसले. त्यांनी रूळच नव्हे, चाकंही मापात आणली. खऱ्या चाकाची आतली कडा, जी गाडीला रुळावर धरून ठेवते, ती साधारण २८ मिलिमीटर खोल असते. चार मिलिमीटरच्या प्रमाणात ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. खेळण्यातल्या चाकांची कडा याच्या कितीतरी पट खोल असते, म्हणून ती वेड्यावाकड्या रुळांवरूनही धडधडत जातात. कडा मापात आणली की रुळांमधला कागदाएवढा उंचसखलपणाही गाडी घसरवायला पुरतो. मग प्रत्येक चाक सतत रुळाला टेकलेलं राहावं म्हणून आसांना वरखाली हलण्याची सोय करावी लागते, म्हणजे खऱ्या इंजिनाला असतं तसं स्प्रिंगचं काम आत आणावं लागतं. रूळ टाकणाऱ्यालाही खऱ्या रेल्वेतल्या मुकादमाइतकंच काटेकोर व्हावं लागतं. एका ठिकाणी खरेपणाचा आग्रह धरला की तो पुढच्या चार ठिकाणी आपलं देणं मागतो. बाहेरून फक्त रुळांची रुंदी बदललेली दिसते, आत मात्र सगळी यंत्रणाच मुळाच्या रीतीनं वागू लागलेली असते.

भारतीय रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्यांनाही हीच अडचण येते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी धावली ती साडेपाच फुटांच्या, म्हणजे १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर. फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७ या प्रमाणात हे गेज १९.२ मिलिमीटरच्या आसपास येतं. बाजारात तयार मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे रूळ, कारण जगातला बहुतेक बाजार प्रमाण गेजचा. त्यांवर भारतीय इंजिन ठेवलं की मूळ मापात सुमारे २४० मिलिमीटर कमी पडतात. रुंद बैठकीवर ऐसपैस बसलेलं ब्रॉडगेजचं इंजिन ज्यानं बघितलं आहे, त्याला ते अंग चोरून उभं असल्यासारखं वाटतं.

मापांचा प्रश्न निदान पट्टीनं मोजता येतो. त्याहून अवघड प्रश्न मूळ कोणतं, हा. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध वाफेचं इंजिन. त्याची हुबेहूब प्रतिकृती हवी असं कोणी म्हटलं, तर जाणकार आधी विचारील: कोणत्या वर्षातली? १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून ते बाहेर पडलं तेव्हा त्याला नावही नव्हतं, क्रमांक होता १४७२. पुढच्या वर्षी ते ४४७२ झालं आणि नाव लाभलं. ३० नोव्हेंबर १९३४ ला त्याचा ताशी शंभर मैलांचा वेग अधिकृतपणे नोंदला गेला. युद्धात ते काळं होतं. १९४६ मध्ये आधी ५०२ आणि मग १०३ हे क्रमांक मिळाले. जानेवारी १९४७ मध्ये त्याचा वर्गच बदलला, जास्त दाबाचा बॉयलर आला. राष्ट्रीयीकरणानंतर ते ६०१०३ झालं, काही काळ निळं आणि मग पुन्हा हिरवं. ड्रायव्हरची जागा उजवीकडून डावीकडे गेली, जोडधुराडं आलं, १९६१ मध्ये धूर बाजूला सारणारे पत्रे लागले आणि जानेवारी १९६३ मध्ये ते सेवेतून निघालं. कारखान्यात दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचा बॉयलर उतरवून दुसऱ्या इंजिनाला बसवणं ही तर रोजची पद्धत होती. तेव्हा त्यातला किती लोखंडी भाग १९२३ चा, हा विचार करणाऱ्याला ग्रीकांचं थीसियसचं जहाज आठवल्याशिवाय राहत नाही.

पुढची गोष्ट आणखी मजेची. सेवेतून निघाल्यावर ते एका खासगी मालकाकडे गेलं. त्यानं त्याला १९३०च्या दशकातला हिरवा रंग आणि ४४७२ हा जुना क्रमांक दिला. पोटात मात्र १९४७ नंतरचा बॉयलर तसाच होता. म्हणजे या वेशात, या पोटाशी ते सेवेत असताना कधी धावलंच नव्हतं. मूळ इंजिनच आपल्या भूतकाळाची एक चुकीची प्रतिकृती बनलं होतं. त्याचा फोटो समोर ठेवून ‘१९३४’ अशी पाटी लावून मॉडेल करणारा माणूस डोळ्यांवर पूर्ण विश्वास ठेवतो आणि तरीही चुकतो.

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंजिनाचा रंग ठरवायला बसलेल्या माणसाला या चारांची वेळोवेळी गरज पडते, आणि प्रत्येक साधन कुठेतरी दगा देतं. जुने फोटो कृष्णधवल. त्यातही जुन्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे मिडलंड रेल्वेची लालभडक इंजिनं फोटोत काळपट येतात आणि निळा रंग पांढरट होतो. रेषा स्पष्ट याव्यात म्हणून कारखानेही अधिकृत फोटोसाठी नव्या इंजिनाला करडा रंग फासत, मग तो बदलत. त्या रंगात ते इंजिन कधी धावलेलं नसतं. कागदपत्रांवर विसंबावं, तर लंडन-ब्रायटन मार्गावर विल्यम स्ट्राउडली यांनी ज्या रंगाला कागदोपत्री ‘सुधारित इंजिन हिरवा’ म्हटलं, तो प्रत्यक्षात गडद पिवळा होता. कुठे मूळ रंगाचा पापुद्रा सापडलाच, तर तो शंभर वर्षं उन्हात आणि काजळीत मुरलेला. तो बरोबर जुळवून बोटभर उंचीच्या मॉडेलवर लावला, तरी फसतो. मोठी वस्तू आपण लांबून बघतो, मध्ये हवा असते, म्हणून रंग जरा फिका दिसतो. तोच रंग हातभरावरच्या छोट्या वस्तूवर जास्त गडद भासतो. अनेक जाणते रंगारी म्हणून मुद्दाम त्यात पांढरा मिसळतात. खरा रंग दिसावा यासाठी खोटा रंग लावावा लागतो.

निसर्गही प्रमाण पाळत नाही. फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात लांबी ७६ पट कमी झाली की वजन ७६ च्या घनानं कमी होतं. शंभर टनांचं इंजिन १:७६ प्रमाणात सव्वादोनशे ग्रॅमचं भरायला हवं. एवढ्या हलक्या इंजिनाला डब्यांची लांब रांग ओढवत नाही, म्हणून छंदिष्ट त्यात शिसं भरतात. ताशी साठ मैल हा वेग प्रमाणात आणला तर सेकंदाला पस्तीस सेंटिमीटर होतो. चार मीटर लांबीच्या खोलीतून एक्सप्रेस बारा सेकंदांच्या आत पलीकडे जाते. प्रमाणातला एक मैल एकवीस मीटरचा. तेवढी खोली कोणाकडे आहे? खेळण्याच्या संचातलं नेहमीचं वळण ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं असतं. मूळ मापात ते तेहतीस मीटर. लांबलचक एक्सप्रेस इंजिन त्यावरून प्रत्यक्षात कधीच जाऊ शकलं नसतं. अमेरिकेतले छंदिष्ट म्हणून घड्याळच वेगानं चालवतात, खऱ्या दहा मिनिटांत खोलीतला तास उलटतो. धुराला तर कोणीच आवरू शकलेलं नाही. धूर म्हणून तेल तापवून सोडलेली वाफेची रेघ बोटभर उंचीवर विरून जाते. खऱ्या इंजिनाचे ढग वाऱ्याशी झुंजत असत.

छोट्या इंजिनात खरी आग आणि खरी वाफ आणता येते का, यावरून १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये मोठं भांडण पेटलं. ‘एल.बी.एस.सी.’ या सहीनं लिहिणाऱ्या एका कारागिराचं म्हणणं होतं की, छोट्या इंजिनालाही खरा कोळसा जाळून खरी वाफ करता येते आणि त्यानं माणसं ओढता येतात. बासेट-लोक ही प्रसिद्ध कंपनी आणि तिचे रचनाकार हेन्री ग्रीनली स्पिरिटच्या ज्योतीवर चालणारी, दिसायला नेटकी इंजिनं विकत. अखेर त्या वर्षीच्या प्रदर्शनात दोन्ही बाजूंची इंजिनं रुळांवर उतरली. ‘आयेशा’ हे एल.बी.एस.सी.चं इंजिन, रूळ अडीच इंचांचे. त्यानं भाराची गाडी ओढून दाखवली आणि वाद निकालात निघाला. अशा इंजिनात झडपा आणि पाण्याच्या नळ्या प्रमाणापेक्षा जाड ठेवाव्या लागतात, कारण प्रमाणात केलेल्या नळीत पाणी आणि वाफ प्रमाणात वाहत नाहीत. रूपात चूक पत्करून त्या कारागिरानं कृतीत खरेपणा साधला. २००३ मध्ये हॉर्नबीनं याच्या उलट टोकाचा प्रयोग केला: टेबलावरच्या ‘मॅलार्ड’ या इंजिनामध्ये खरी वाफ आणली, पण पाणी तापवलं रुळांतून आलेल्या विजेनं. वाफ खरी, आग नाही. हे इंजिन आयेशाच्या जवळचं म्हणायचं की खेळण्याच्या, यावर अजून दोन मतं पडतात.

आता एकूण दृश्याकडे यावं. ऑक्सफर्डशरमधल्या लाँग विटनम गावी पेंडन संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ १९२५ मध्ये ब्रिटनला आले, व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या दरीच्या प्रेमात पडले. गवताने शाकारलेली जुनी घरं पत्र्याची होताना त्यांनी बघितली, तेव्हा ही दरी जशी होती तशी चार मिलिमीटरच्या प्रमाणात जपायची असं त्यांनी ठरवलं. १९५४ मध्ये संग्रहालय सुरू झालं. एकेक घर प्रत्यक्ष मोजून, फोटो काढून, पुठ्ठ्यातून कापून केलेलं. विटेची वीट, कौलाचं कौल. पण ही घरं ज्या गावात उभी आहेत ते ‘पेंडन पार्वा’ नकाशावर कुठेच नाही. दरीतल्या वेगवेगळ्या गावांतली खरी घरं एका न झालेल्या गावात एकत्र आणली आहेत. भाग सारे खरे, गाव कल्पित. तरीही त्या दरीच्या १९३०च्या आसपासच्या आयुष्याचा इतका विश्वासार्ह दस्तऐवज दुसरा शोधायला गेलं तर सहज सापडत नाही.

पीटर डेनींनी नेमकं उलटं केलं. बकिंगहॅम हे खरं गाव, ग्रेट सेंट्रल ही खरी रेल्वे. पण ती रेल्वे तिथे कधी गेलीच नव्हती. ‘गेली असती तर?’ एवढा एक तर्क त्यांनी मांडला, वर्ष ठरवलं १९०७, आणि मग त्या तर्काचे सगळे परिणाम इमानदारीनं भोगले. डबे त्या वर्षीचे, सिग्नल त्या कंपनीचे, गाड्या वेळापत्रकाप्रमाणे, एका केबिनमधून दुसरीला घंटांचे ठरलेले ठोके. मदतीला बसणारा मुलगा मोठा झाल्यावर त्याचं काम करायला त्यांनी एक यंत्र जुळवलं आणि त्याला मुलाचंच नाव देऊन ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’ म्हटलं. एक खोटं विधान, बाकी सगळं कडक. अमेरिकेत जॉन ॲलन यांनी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे इथे ‘गोरी अँड डिफीटेड’ ही डोंगरी रेल्वे उभारली. गंजलेले पत्रे, काजळलेली इंजिनं, मोडकळलेल्या इमारती इतक्या खऱ्या वाटाव्यात हे त्यांनीच पुष्कळांना शिकवलं. त्याच रेल्वेवर डबे इकडून तिकडे ढकलायला त्यांनी ‘एमा’ नावाची एक डायनोसॉर ठेवली होती! बघणारे हसत, आणि पुन्हा त्या डोंगरांवर विश्वास ठेवत.

ऑड्रींची हकिगत याच ओळीतली. त्यांच्या पुस्तकांतल्या चित्रकारानं हेन्री कधी एका जातीचा, कधी दुसऱ्या जातीचा काढला. वाचक मुलांनी पत्रं पाठवून विचारलं. ऑड्रींनी चित्रकाराची चूक पुसण्याऐवजी तिला इतिहास दिला: १९५१ च्या पुस्तकात हेन्रीचा अपघात झाला, तो कारखान्यात गेला आणि नव्या अंगानं, एका खऱ्या, ओळखीच्या जातीचं इंजिन होऊन परतला. पुढे त्यांनी आणि त्यांच्या भावानं सोडोर बेटाचा भूगोल, इतिहास, रेल्वेमार्ग सगळं रचलं, आणि १९८७ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ काढला. आयल ऑफ मॅनच्या बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या नावात ‘सोडोर’ आहे, बेट मात्र नाही. ती रिकामी जागा त्यांनी भरली. या बेटावर चुकीला जागा होती, विसंगतीला नव्हती.

प्रतिकृतीचा देवळातल्या मूर्तीशी असलेला फरक इथे स्पष्ट होतो. शिल्पशास्त्र ताल हे माप देतं. चेहऱ्याच्या लांबीच्या हिशोबानं अंगप्रत्यंगांची मापं ठरतात. पण ती मूर्ती ज्याची, त्याच्याशी ताडून बघण्याची सोय नाही. शेंदूर फासलेल्या तांदळ्याला नाकडोळे नसतात, म्हणून गावची देवी कमी देवी ठरत नाही. प्रतिष्ठेनं ती देवी झालेली असते, साम्यानं नव्हे. मॉडेलला अशी प्रतिष्ठा मिळत नाही. त्याचं मूळ साक्षीला बोलावता येतं. म्हणून इंजिनाच्या प्रतिकृतीबाबत धर्मातल्या मूर्तीपेक्षा धर्मातला संकल्प जास्त कामाचा आहे. पूजेला बसताना आधी देश आणि काळ उच्चारतात: कुठे, कोणत्या तिथीला, काय करायचं ठरवलं आहे. मग त्या कर्माचं खरं-खोटं त्या संकल्पाशी ताडून ठरतं. डेनींची ‘बकिंगहॅम, १९०७’ ही पाटी असाच संकल्प आहे. त्या पाटीखाली १९२३ चं इंजिन आलं तर ते चूक. डायनोसॉरच्या बाबतीत ॲलन यांचा संकल्पच वेगळा होता. ‘स्कॉट्समन’चा हिरवा फोटो बघून ‘१९३४’ लिहिणाऱ्याची चूक बॉयलरची नाही, त्यानं उच्चारलेल्या काळाची आहे. आणि चार मिलिमीटरच्या अंगाखाली साडेसोळा मिलिमीटरचे रूळ ठेवणारा माणूस अप्रामाणिक ठरत नाही, जोवर तो ‘रूळ सोडून बाकी खरं’ एवढं मान्य करतो.

यात एक नवी गुंतागुंत १९६८ पासून आली. त्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेवरची नियमित वाफेची इंजिनं संपली. भारतात ब्रॉडगेजवर ती १९९५ पर्यंत टिकली. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं १ एप्रिल १९९८ ला. तिथे आलेल्या मुलाला वाफेचं पहिलं इंजिन भेटतं ते बोटभर उंचीचं. न्यायदर्शनात उपमानाचं ठरलेलं उदाहरण आहे: गवय हा गाईसारखा असतो असं ऐकलेला माणूस रानात जातो, तसा प्राणी बघतो आणि ओळखतो. इथे गाय कोणी बघितलेली नाही. छोट्या प्रतिकृतीवरून मूळ ओळखलं जातं, आणि एखाद्या संग्रहालयात खरं इंजिन दिसलं की ‘अगदी मॉडेलसारखं’ असे उद्गार येतात. जिच्यावरून मूळ ओळखलं जाणार, तिच्यातल्या चुका पुढच्या पिढीच्या मुळात शिरतात.

प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात सॉक्रेटिस एक प्रश्न टाकतो. एखाद्या देवानं क्रॅटिलसचं नुसतं रूप आणि रंग नव्हे, त्याची ऊब, हालचाल, मन हे सगळं जसंच्या तसं उतरवलं, तर ती क्रॅटिलसची प्रतिमा होईल की दोन क्रॅटिलस होतील? दोन होतील, असं संवादात ठरतं. प्रतिमेला कुठेतरी उणं राहावंच लागतं.

ब्रिटनमध्ये काही लोकांनी हे पडताळून बघितलं. अभियंते पेपरकॉर्न यांच्या ए१ जातीची ४९ इंजिनं १९४८-४९ मध्ये बनली होती. शेवटचं १९६६ मध्ये भंगारात गेलं, एकही उरलं नाही. १९९० मध्ये एक न्यास उभा राहिला. लोकांकडून पैसा गोळा करून त्यानं सुमारे तीस लाख पौंडांत डार्लिंग्टनला ‘टॉर्नेडो’ हे ए१ इंजिन नव्यानं बांधलं आणि २००८ मध्ये ते वाफेवर चाललं. न्यास त्याला प्रतिकृती मानत नाही. ए१ चं पन्नासावं इंजिन म्हणतो, क्रमांक ६०१६३, जुन्या ओळीतला पुढचा. पण त्याचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगनहून आलेला आहे, रिव्हेटऐवजी वेल्डिंगचा. वरच्या विजेच्या तारांसाठी उंची थोडी कमी केली आहे. मागे जोडलेल्या टेंडरमध्ये कोळसा कमी, पाणी जास्त, आणि आजच्या सिग्नलसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही. जुन्या ४९ पैकी एकालाही हे नव्हतं.

बाखमन आणि हॉर्नबी या दोन्ही कंपन्यांनी मग टॉर्नेडोचं टेबलावरचं मॉडेल काढलं. ३१ जानेवारी २००९ ला टॉर्नेडोनं यॉर्कहून न्यूकॅसलला आपली पहिली प्रवासी गाडी नेली. त्या दिवसाची मांडणी करणाऱ्याला हे मॉडेल डिझेल गाड्यांच्या शेजारी ठेवावंच लागेल, सफरचंदी हिरव्या रंगात, किंचित बुटक्या धुराड्यासह. १९५५ ची मांडणी करणाऱ्याला तेच मॉडेल तसंच वापरता येणार नाही, जरी त्या वर्षी त्याच्या जातीची इंजिनं त्या मार्गावर रोज धावत होती. त्याला धुराडं उंच करावं लागेल, टेंडर बदलावा लागेल, क्रमांक खरवडून दुसरा लावावा लागेल.